सुटकेनंतर : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

२००५ साली अमेरिकेतल्या ३० राज्यांच्या तुरुंगांतून चार लाखांहून अधिक कैदी सुटले. तिथल्या न्याय विभागाच्या सांख्यिकी कार्यालयाने त्यांच्यातला मोठा नमुना निवडून त्या माणसांच्या पोलिसी नोंदी पुढची नऊ वर्षे तपासल्या. तीन वर्षांच्या आत ६८ टक्के लोकांना पुन्हा अटक झाली होती, नऊ वर्षांत ८३ टक्क्यांना. हे दोन आकडे जगभर सांगितले जातात आणि ऐकणारा मान हलवून म्हणतो, हे लोक सुधारत नाहीत. पण त्याच अहवालात आणखी एक मालिका आहे. सुटकेनंतरच्या पहिल्या वर्षात ४४ टक्क्यांना अटक झाली, तिसऱ्या वर्षात ३४ टक्क्यांना, नवव्या वर्षात २४ टक्क्यांना. धोका सुटकेच्या लगेच नंतर सर्वांत मोठा असतो आणि पुढे ओसरत जातो. वय वाढते, रग जिरते, हे त्यामागचे एक कारण खरेच. तरी सगळे उत्तर त्यात मिळत नाही. त्या पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही आठवड्यांत, माणसाभोवती काय घडते हे पाहिल्याशिवाय ही उतरती रेषा समजत नाही. या अभ्यासक्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे स्वागत मी या रेषेपाशीच करतो.

समाजकार्याचे विद्यार्थी, वकिलीत नव्याने आलेले तरुण, परिवीक्षा अधिकारी, कारागृहात नोकरी करणारे, गुन्हेवार्ता लिहिणारे पत्रकार, आणि घरातले कुणी आत जाऊन आलेले आहे असे वाचक, अशा सर्वांसाठी हे पुस्तक आहे. कायद्याचे किंवा संख्याशास्त्राचे शिक्षण लागेल असे यात काही नाही. एक सवय मात्र पहिल्यापासून लावून घ्यावी लागेल. ‘परत गेला’ हे शब्द कानावर पडले की विचारायचे : कोणी मोजले, आणि काय मोजले?

अटक मोजली तर पोलिसांची कृती मोजली जाते. शिक्षा मोजली तर न्यायालयाची. फक्त तुरुंगातले पुनरागमन मोजले तर दंड भरून किंवा जामिनावर सुटलेले गाळले जातात. ज्याने चोरी केली पण जो सापडला नाही, तो या हिशेबात सुधारलेला ठरतो. गणेशोत्सवाच्या किंवा निवडणुकीच्या तोंडावर रेकॉर्डवरची नावे काढून प्रतिबंधक कारवाई होते, तीत काहीही न करता आत गेलेला माणूस बिघडलेला ठरतो. नॉर्वेतले पुनरागमन अवघे २० टक्के असल्याचे नेहमी सांगितले जाते. तो आकडा दोन वर्षांच्या मुदतीतला आहे आणि नव्याने झालेल्या शिक्षेवर बेतलेला आहे, अमेरिकेचा वरचा आकडा अटकेचा. दोन्ही एका ओळीत लिहून एका देशाला शाबासकी आणि दुसऱ्याला दूषण देणे हा अभ्यास नव्हे. नॉर्वेच्या तुरुंगांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते या तुलनेने सिद्ध होत नाही.

आपल्याकडे मोजणीची अडचण निराळी आणि अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. शंभरांतल्या पंचाहत्तरांहून अधिक जणांचा निकालच लागलेला नव्हता. सराईतांची टक्केवारी मात्र शिक्षा झालेल्या, म्हणजे पक्क्या कैद्यांमधून काढली जाते आणि ती एक अंकी असते. भारतात सुटलेली माणसे फारशी परत येत नाहीत, असा निष्कर्ष त्यावरून कुणी काढला तर कोणत्याही मध्यवर्ती कारागृहातला जुना शिपाई त्याच्याकडे आश्चर्याने पाहील. बरॅकमध्ये वारंवार दिसणारे चेहरे त्याला पाठ असतात. त्यांतल्या अनेकांच्या एकाही खटल्याचा शेवट झालेला नसतो, म्हणून ते आकड्यात येत नाहीत. आपण वर्षअखेरीस तुरुंगात किती डोकी आहेत ते मोजतो. सुटलेल्या एका माणसामागे वर्षभर जाऊन त्याचे काय झाले, हे आपली कोणतीही शासकीय नोंद सांगत नाही.

म्हणून मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या एखाद्या वस्तीतला एकवीस वर्षांचा मुलगा कल्पनेत घेऊ. मोबाइल चोरीच्या गुन्ह्यात तो आत जातो. जामीन मंजूर होतो, पण रेशनकार्ड आणि पगाराची पावती घेऊन कोर्टात उभा राहील असा जामीनदार त्याच्याकडे नसतो. चार महिने जातात. कुणीतरी सुचवतो, गुन्हा कबूल कर, भोगलेले दिवस शिक्षेत धरतील आणि आजच सुटशील. घरी म्हातारी आई आहे, रोज बुडतो आहे. तो कबुली देतो. त्याने चोरी केली असेल किंवा नसेल. त्या दिवशी त्याला दिसते ते फक्त फाटक. पण त्या कबुलीने तो कच्च्याचा पक्का होऊन गेलेला असतो. पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येतेच कारण परिसरात चोरी झाली की आधी यादीतली घरे ठोठावली जातात, तो ‘पूर्वी शिक्षा झालेला’ असतो.

तिथून कायद्याची कलमे एकात एक अडकत जातात. चांगल्या वर्तणुकीच्या हमीसाठी चॅप्टर केस होते. मग तडीपारी येते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या ५५ ते ५७ या कलमांखाली माणसाला त्याच्या जिल्ह्यातून, बहुधा शेजारच्या जिल्ह्यांतूनही, दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येते. साक्षीदार भीतीपोटी पुढे येत नाहीत, असे कारण ५६ व्या कलमात असते, आणि काही वस्त्यांत ते कारण खरेही असते. पण ज्याला पाठवायचे त्याची आई, बायको, उधारी देणारा दुकानदार, हमालीचे काम देणारा मुकादम, सगळे त्याच हद्दीत असतात. परक्या जिल्ह्यात त्याला ना ओळख, ना खोली. मुलगा आजारी पडला म्हणून तो एका रात्री घरी येतो आणि विनापरवाना हद्दीत शिरणे हाच नवा गुन्हा होतो. या माणसाचे पुनरागमन कोणाच्या खात्यावर लिहायचे?

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटण्याची वाट दिली. ही तरतूद चांगली आहे. त्याच कलमात असेही आहे की एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर हा लाभ नाही. ज्याच्या नावावर पाच किरकोळ प्रकरणे लागलेली आहेत तो आतच राहतो, आणि आत राहिल्याने त्याचे बाहेरचे उरलेसुरले धागे तुटतात. माझे ठाम मत असे की पुनरागमन ही दोघांनी मिळून घडवलेली गोष्ट असते. माणूस चुकतो, पुन्हा चुकतो, आणि व्यवस्था त्याला पुन्हा पुन्हा ओढून आणते. त्यातला पहिला अर्धा भाग आपण दीडशे वर्षे अभ्यासला. दुसऱ्याला आत्ता कुठे हात घातला आहे.

दीडशे वर्षे हा शब्दप्रयोग मी हिशेबाने केला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्खे समूह जन्माने गुन्हेगार ठरवले. १९११ च्या कायद्याने ती तरतूद मुंबई इलाख्यापर्यंत पोचली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये पारधी, कैकाडी, भामटा अशा समाजांना तारांच्या कुंपणात ठेवले गेले, हजेरी लावली गेली, गिरण्यांत कामाला लावले गेले. सोलापुरात त्या वस्तीला आजही सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि हे समाज विमुक्त झाले, पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांच्या वह्यांतली आडनावे पुष्कळशी तीच राहिली. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या विषयावरचा मराठीतला पहिला धडा म्हणून मी विद्यार्थ्यांना तेच आत्मकथन वाचायला सांगतो, कारण संशयाखाली वाढलेले घर आतून कसे असते हे कोणत्याही सर्वेक्षणाने इतके उघड केलेले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंग नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातींना सराईत समजण्याच्या रूढीवरही बोट ठेवले. तो निकाल या क्षेत्रातल्या प्रत्येकाने मुळातून वाचावा.

आता फाटकाबाहेरचे पहिले दिवस. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा एक वैद्यकीय अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांच्या मृत्यूचा धोका त्या राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता आणि सर्वांत मोठे कारण अमली पदार्थांचा अतिरेकी डोस हे होते. आत असताना शरीराची सवय मोडते. बाहेर पडल्यावर माणूस पूर्वीइतकेच घेतो आणि मरतो. पुनरागमनाच्या आकड्यांत हे मृत बसत नाहीत, पण ज्या पंधरवड्याविषयी आपण बोलतो आहोत तो किती जीवघेणा असतो हे त्यांच्यावरून कळते.

आपल्याकडे त्या पंधरवड्याचे स्वरूप कागदांच्या रूपाने समोर येते. आधार कार्ड पोलिसांनी जप्त केलेल्या मुद्देमालात अडकलेले, मोबाइल क्रमांक बंद पडून दुसऱ्याला गेलेला, बँक खाते निष्क्रिय, रेशनकार्डावरून नाव उडालेले. क्रमांक नसला की ओटीपी नाही, ओटीपी नसला की सगळीच दारे बंद. भाड्याच्या खोलीचा मालक भाडेकरूची पोलीस पडताळणी मागतो, कारखान्याचा ठेकेदार चारित्र्य प्रमाणपत्र मागतो. बायकांच्या बाबतीत तर खुद्द घराचेच दार उघडेल याची खात्री नसते. पुरुष सुटतो तेव्हा फाटकाशी कुणी ना कुणी बाई उभी असते. बाई सुटते तेव्हा ती जागा पुष्कळदा रिकामी असते.

नोकरीचे काय होते हे देवा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात फार साध्या युक्तीने दाखवले. सारख्याच शिक्षणाच्या, सारख्याच वागणुकीच्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय तरुणांना त्यांनी खऱ्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायला धाडले. काहींनी अर्जावर तुरुंगवास लिहिला, काहींनी नाही. २००३ साली निष्कर्ष छापून आले : गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्यांपैकी ३४ टक्क्यांना बोलावणे आले, नोंद असलेल्या गोऱ्यांपैकी १७ टक्क्यांना, नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयांपैकी १४ आणि नोंद असलेल्यांपैकी ५ टक्क्यांना. तुरुंगात न गेलेल्या काळ्या तरुणाला तुरुंगातून आलेल्या गोऱ्याइतकीही संधी मिळाली नाही. हा प्रयोग वाचताना आपल्याकडचे आडनाव आणि वस्तीचा पत्ता डोळ्यांसमोर येत नसेल, तर तो पुन्हा वाचावा.

तुरुंगाच्या आत काय घडते याचा अभ्यास या क्षेत्रात सर्वांत जुना. डोनाल्ड क्लेमर यांनी १९४० साली दाखवले की कैदी हळूहळू तुरुंगाच्याच रीतीभातीत मुरतो. ग्रेशम साइक्स यांनी १९५८ मध्ये न्यू जर्सीतल्या कडेकोट तुरुंगाचे वर्णन करताना स्वातंत्र्याबरोबर आणखी काय काय हिरावले जाते ते मांडले, आणि त्यात स्वतःचा दिवस स्वतः ठरवण्याची ताकद होती. कधी उठायचे, कधी जेवायचे, कधी दिवा मालवायचा हे दहा वर्षे दुसऱ्याने ठरवलेल्या माणसाला एस.टी. स्टँडवर कोणती गाडी धरायची हेही ठरवता येईनासे होते. या विषयावर वाचण्यासारखे पुष्कळ असल्याने इथे अधिक लिहीत नाही.

मी स्वतः ज्या प्रश्नापाशी सर्वांत जास्त रेंगाळतो तो उलटा आहे. जे परत जात नाहीत ते कसे थांबतात? हार्वर्डच्या शेल्डन आणि एलिनॉर ग्लुक या दांपत्याने बोस्टनमधल्या पाचशे गुन्हेगार मुलांची तपशीलवार टिपणे करून ठेवली होती. ती खोकी पुढे विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात पडून राहिली. १९८० च्या दशकात रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी ती बाहेर काढली आणि त्यांतली माणसे शोधत सत्तरीपर्यंत त्यांचे आयुष्य जोडून पाहिले. लहानपणी जवळजवळ सारखीच असलेली मुले पुढे कितीतरी वेगळ्या वाटांनी गेली होती. थांबलेल्यांच्या आयुष्यात बहुधा एखादे टिकलेले लग्न, एखादी धरून ठेवलेली नोकरी, सैन्यातली भरती असे वळण सापडले. बरेचजण ठरवून थांबलेच नव्हते. रोज सकाळी कुठेतरी हजर व्हायचे आणि संध्याकाळी कुणीतरी वाट पाहणारे, एवढ्याने आयुष्याची घडी बसत गेली आणि जुने सोबती मागे पडले.

शॅड मरुना यांनी लिव्हरपूलमध्ये थांबलेल्या आणि न थांबलेल्या माणसांच्या स्वतःविषयीच्या कथा ऐकल्या. दोन्ही गटांच्या वाट्याला आलेली गरिबी आणि मारहाण सारखीच होती. न थांबलेले आपल्या आयुष्याकडे आधीच लिहून ठेवलेला निकाल म्हणून पाहत. थांबलेले म्हणत, आतून मी वाईट नव्हतो, आणि जे भोगले त्याचा आता कुणाला तरी उपयोग व्हावा. अशी कथा माणूस एकटा रचू शकत नाही. ती खरी मानणारा एखादा शिक्षक, मालक, मेहुणा बाहेर असावा लागतो.

आणि किती काळ थांबल्यावर समाजाने विश्वास ठेवावा? आल्फ्रेड ब्लमस्टीन आणि किमिनोरी नाकामुरा यांनी २००९ साली न्यूयॉर्क राज्याच्या नोंदींवरून हे मोजले. अठराव्या वर्षी जबरी चोरीत पकडला गेलेला मुलगा पुढे निर्मळ राहिला, तर सुमारे ७.७ वर्षांनंतर त्याच्या अटकेची शक्यता त्याच्या वयाच्या इतर कुणाहीइतकीच उरते. चारित्र्य पडताळणीच्या कागदावरची नोंद मात्र जन्मभर राहते. आपल्या प्रमाणपत्रांच्या पद्धतीत या अभ्यासाला जागा द्यावी, ही मागणी मी इथे उघडपणे करतो.

सुधारणेच्या कार्यक्रमांचा उपयोग होतो की नाही, हा वाद १९७४ साली रॉबर्ट मार्टिन्सन यांच्या लेखाने पेटवला. २३१ अभ्यास तपासून त्यांनी निराशाजनक निष्कर्ष मांडला आणि ‘कशाचाच उपयोग होत नाही’ ही घोषणा राजकारण्यांनी उचलली. १९७९ मध्ये मार्टिन्सन यांनीच ते मत बरेचसे मागे घेतले, पण तोवर अमेरिकेत तुरुंग बांधण्याची लाट आली होती. दुसरा लेख फार कमी लोकांनी वाचला. अर्ध्या निष्कर्षाने केवढे नुकसान होते हे कळण्यासाठी नव्या संशोधकाने हे प्रकरण नीट समजून घ्यावे.

महाराष्ट्राला या बाबतीत स्वतःचा वारसा आहे. औंध संस्थानात १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत वसली. खुनाच्या शिक्षेतले कैदी तिथे भिंतींविना, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून आला. येरवडा आणि पैठणच्या खुल्या कारागृहांचे नाते मी याच विचाराशी जोडतो. संचित रजा आणि अभिवचन रजा देणारे १९५९ चे नियम, टाटा समाजविज्ञान संस्थेचा १९९० पासून कैद्यांसोबत चाललेला ‘प्रयास’ प्रकल्प, २०२२ साली येरवड्यात सुरू झालेली कैद्यांसाठीची ‘जिव्हाळा’ कर्जयोजना, ज्यात ५० हजार रुपयांपर्यंत सात टक्के दराने कर्ज मिळते, या सगळ्यांचा धागा एकच आहे : माणूस आत असतानाच त्याचे बाहेरचे नाते जिवंत ठेवणे. अभ्यासक म्हणून इथे सावधही राहावे लागेल. खुल्या कारागृहात निवडून पाठवलेलेच कैदी जातात. ते कमी परत येतात यात निवडीचा वाटा किती आणि मोकळ्या हवेचा किती, हे वेगळे काढावे लागते.

ज्यांच्या घरी चोरी झाली, ज्यांचा मुलगा मारला गेला, त्यांनी हे सारे वाचून विचारावे की आमचे काय, तर तो प्रश्न योग्य आहे. पुनरागमनाच्या प्रत्येक खऱ्या प्रकरणामागे नवा पीडित असतो. सुटलेल्या माणसाला खोली आणि काम मिळवून देणे हे पुढच्या पीडितासाठी केलेलेही काम असते. पीडितांना बाजूला ठेवून लिहिलेला अभ्यास मला अपुरा वाटतो, आणि या पुस्तकातल्या काही प्रकरणांतही ती उणीव आहे.

कुठून सुरुवात करावी असे विचाराल तर आपल्याच जिल्हा कारागृहापासून. एका महिन्यात सुटणाऱ्या माणसांपैकी जे राजी असतील त्यांना वर्षभर भेटत राहा. पहिल्या रात्री कुठे झोपलात? आधार कार्ड किती दिवसांनी हाती आले? पहिला रोज कुणी दिला? पोलीस घरी कधी आले आणि कशासाठी? तारखेला जायला गाडीभाडे कुठून आणले? नावे बदला, पत्ते कुठेही लिहू नका, आणि जो मध्येच बोलणे थांबवील त्याच्या मागे लागू नका. जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्याला आधी भेटा. त्यांच्याकडे माणूस कमी आणि कामे फार असतात, पण जुन्या फायली असतात. वर्षअखेर जे पुन्हा आत गेले त्यांना मुलाकातीच्या खिडकीशी जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारा, आणि अटकेचे कलम कोणते लागले ते न विसरता लिहून घ्या.